प्राथमिक शाळेत कलावंत बोलावताना

शाळेत कलेचा कार्यक्रम म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर गॅदरिंग येतं. भाड्याने आणलेले कपडे, पेनड्राइव्हवरची गाणी, मुलं स्टेजवर आणि पालक मोबाइल उंचावून समोर. त्याची मजा आहेच, पण हा लेख त्याबद्दल नाही. इथे मुलं बघणारी आहेत आणि समोर एखादा शाहीर, बाहुल्या नाचवणारा किंवा दशावतार या कोकणी लोकनाट्यातला राजा अगदी हातभर अंतरावर उभा आहे. पहिली ते पाचवीच्या मुलांसाठी असा तासाभराचा प्रसंग घडवून आणायचा असेल आणि याआधी कधी केला नसेल, तर काय काय करावं लागतं ते सांगतो. शिक्षकांना उपयोगी पडेल, पालकांनाही, आणि शाळा व्यवस्थापन समितीत नव्याने आलेल्यांना तर नक्कीच.

एक ठाम मत आधीच सांगून टाकतो. पहिल्या वेळी अख्खी शाळा, मोठा मांडव आणि दोन मोठे स्पीकर हा बेत करूच नका. पन्नास-साठ मुलं, एक मोठी खोली, माइक नाही, एवढ्यावर थांबा. मागच्या रांगेतल्या मुलाला गाणाऱ्याच्या गळ्याची शीर फुगलेली दिसली पाहिजे. ती दिसत नसेल तर त्याने तो कार्यक्रम टीव्हीवर पाहिला असता तरी चाललं असतं.

कोणती कला?

इथे लोक उलटं करतात. ओळखीचा कलाकार मिळाला म्हणून त्याला बोलावतात आणि मग तो जे करेल ते मुलं बघतात. आधी मुलांचं वय बघा. पहिली-दुसरीच्या मुलांना बाहुल्या, नकला, वाद्यं आणि छोटी गोष्ट पुरते, आणि वेळ पंचवीस-तीस मिनिटांचा. तिसरीच्या पुढची मुलं पाऊण तास सहज बसतात. त्यांना पोवाडा, भारूड, दशावतारातला एखादा प्रवेश, चित्रकथी (चित्रं दाखवत गाऊन सांगितलेली गोष्ट) असं काहीही चालतं. पहिली ते पाचवी एकत्र बसवलीत तर लहानगी कंटाळतात आणि मोठी त्यांना हसतात. शक्य असेल तर दोन वेगळे छोटे खेळ ठेवा.

नाटक आणायचं असेल तर ते मुलांशी बोबडं बोलणारं नको. आपल्याकडे बालनाट्याची परंपरा चांगली आहे. सुधा करमरकरांनी १९५९ साली मुंबईत लिटल थिएटर सुरू केलं. १९८६ साली डॉ. मोहन आगाशे यांनी बर्लिनच्या ग्रिप्स थिएटरची पद्धत पुण्यात आणली. ग्रिप्समध्ये मोठी माणसं मुलांच्या भूमिका करतात, पण लाडे लाडे बोलत नाहीत. मुलांच्या घरातले, शाळेतले खरे प्रश्न रंगमंचावर येतात. नाटक निवडताना हीच कसोटी लावा. फक्त हे सगळं बहुतेक मोठ्या शहरांतल्या नाट्यगृहांत घडतं. तिकीट, बस आणि सोबत यायला मोकळे असलेले पालक हे ज्या मुलांकडे नाही, त्यांच्यापर्यंत कलावंतालाच जावं लागतं.

माणूस कुठे सापडतो

इंटरनेटवर शोधू नका, निदान आधी तरी नको. मुलांनाच विचारा, ‘तुमच्या घरात कोण वाजवतं, कोण गातं?’ कुणाचे आजोबा भजनी मंडळात पखवाज वाजवत असतात, कुणाची आत्या ओव्या म्हणते, कुणाचे काका बँडमध्ये असतात. पहिला पाहुणा शाळेतल्याच एखाद्या मुलाचा आजोबा निघाला तर त्या मुलाची कॉलर वर्षभर ताठ राहते.

त्यानंतर पंचायत समितीत जा. ज्येष्ठ साहित्यिक आणि कलावंतांना राज्य शासन दरमहा मानधन देतं. तुमच्या तालुक्यातल्या अशा कलावंतांची नावं तिथे किंवा जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागात विचारली तर कळतात. त्यांत असे लोक असतात की ज्यांना वर्षानुवर्षं कुणी बोलावलेलं नसतं. विद्यापीठांकडेही वळता येतं. मुंबई विद्यापीठाची लोककला अकादमी आणि पुण्यातलं ललित कला केंद्र इथून शिकून बाहेर पडलेली तरुण मंडळी शाळांत यायला तयार असतात. शास्त्रीय संगीत किंवा नृत्य हवं असेल तर स्पिक मॅकेकडे विचारा. प्रा. किरण सेठ यांनी १९७७ साली दिल्लीत सुरू केलेली ही चळवळ स्वयंसेवकांच्या बळावर शाळा-कॉलेजांत कार्यक्रम करते.

सिंधुदुर्गात असाल तर भाग्यवान आहात. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाने कळसूत्री बाहुल्या, चामड्याच्या छायाबाहुल्या आणि चित्रकथी या तिन्ही कला जपल्या आहेत. तिथल्या परशुराम गंगावणे यांना २०२१ चा पद्मश्री जाहीर झाला होता. मुलांना तिकडेच नेता आलं तर न्या. ते जमलं नाही तर बोलावणं धाडा.

तारीख ठरवताना हंगाम बघा

कलावंतांचं कॅलेंडर आपल्यापेक्षा वेगळं असतं. दशावतारी मंडळं कार्तिकात जत्रा सुरू झाल्या की उन्हाळ्यापर्यंत रोज रात्री कुठे ना कुठे उभी असतात. रात्रभर नाटक करून आलेल्या माणसाला सकाळी दहाला शाळेत उभं करणं हा अन्याय आहे. तमाशाचे फड दसऱ्याला बाहेर पडतात. गोंधळ्यांना नवरात्र आणि लग्नसराई, कीर्तनकारांना सप्ताह आणि वाऱ्या, शाहिरांना फेब्रुवारीत शिवजयंती आणि मग १ मे. म्हणून शाळेसाठी सोयीचे महिने जुलै ते सप्टेंबर, गणपतीचे दिवस सोडून.

पण तेव्हा पाऊस असतो, आणि पावसात दोन अडचणी येतात. पत्र्याच्या शेडवर सर आली की डफाचासुद्धा आवाज पोचत नाही, त्यामुळे स्लॅबची खोली घ्या. दुसरी अडचण कातड्याची. डफ, हलगी, दिमडी ही वाद्यं दमट हवेत सादळतात आणि आवाज बसतो. वाजवणारे ती शेकून घेतात. मुलांपासून लांब, वळचणीला त्यांना जाळ करायला जागा द्या, एक मोठा माणूस तिथे उभा करा, पाण्याची बादली ठेवा. खरं तर हा शेकण्याचा प्रकार मुलांना लांबून दाखवावाच. आधीचा ‘थप्प’ आणि नंतरचा ‘टण्ण’ ऐकला की विज्ञानाचा अर्धा तास वाचतो.

वार म्हणाल तर शनिवार. जिल्हा परिषदेच्या शाळा त्या दिवशी सकाळच्या असतात, आणि राज्याने २०२४ मध्ये पहिली ते आठवीसाठी ‘आनंददायी शनिवार’ सुरू केल्यापासून या वेळेला कागदोपत्री आधारही आहे.

परवानगी आणि पैसा

मुख्याध्यापकांना पटलं की शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव घ्या. शिक्षण हक्क कायद्यानुसार या समितीत पाऊणपट पालक असतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला. त्यांना आधी नीट सांगितलं तर पुढची निम्मी कामं त्याच उचलतात. ठरावाची प्रत केंद्रप्रमुखांना, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटावर (केंद्रावर) देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्यांना द्या. अर्जात २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाचा उल्लेख करा. स्थानिक कलावंत आणि कारागिरांना शाळेत शिकवायला बोलवावं, असं त्या धोरणात स्पष्ट आहे. एवढं एक वाक्य असलं की ‘हे अभ्यासक्रमात कुठे बसतं?’ हा प्रश्न सहसा येत नाही.

आता पैसा. कलावंताला मानधन द्यायचंच. ‘मुलांसाठी आहे, थोडी सेवा समजा’ हे वाक्य शाळावाल्यांच्या तोंडी फार सहज येतं. मांडववाल्याला, वड्यावाल्याला ते कुणी म्हणत नाही. बिदागी किती हे त्यांनाच विचारा, प्रवासखर्च वेगळा धरा आणि सोबत किती माणसं येणार ते विचारून घ्या. शाहीर एकटा येत नाही. ढोलकीवाला, तुणतुणेवाला, झिलकरी (मागून साथीला गाणारे) धरून पाच-सहा जण तरी असतात. ठरलेली रक्कम कागदावर लिहून दोघांच्या सह्या करा आणि खेळ संपल्यावर त्याच दिवशी द्या. पावती घ्या. रक्कम पाच हजारांच्या वर असेल तर पावतीवर एक रुपयाचं रेव्हेन्यू स्टॅम्प लावा, म्हणजे लेखापरीक्षणात कुणी अडवणार नाही.

एका शाळेला खर्च झेपत नसेल तर केंद्रातल्या तीन-चार शाळा मिळून बोलवा. सकाळी एका शाळेत, दुपारच्या आत शेजारच्या शाळेत. मात्र दिवसाला दोनच खेळ. तिसऱ्याला गळाही थकतो आणि मनही. उरलेल्या रकमेसाठी माजी विद्यार्थी, ग्रामपंचायत, गावातली पतसंस्था यांच्याकडे जा. मुलांकडून वर्गणी गोळा करू नका, दहा रुपयेसुद्धा नाही. दहा रुपये न आणू शकलेलं मूल त्या दिवशी शाळेतच येत नाही, आणि नेमकं त्यानेच हा खेळ बघायला हवा असतो.

कलावंताशी आधीचं बोलणं

सगळ्यांत जास्त वेळ इथे घालवा. फोनवर नाही, शक्यतो घरी जाऊन. चहा होईपर्यंत त्यांचं ऐकून घ्या, मग आपलं सांगा.

रात्रभराचं आख्यान करणाऱ्या माणसाला ‘चाळीस मिनिटांत बसवा’ म्हटलं की तो सगळंच भरभर उरकतो. म्हणून ‘कमी करा’ म्हणू नका, ‘एकच प्रवेश करा’ म्हणा. मला सोयीची वाटणारी विभागणी अशी: दहा मिनिटं वाद्यांची आणि सामानाची ओळख, वीस-पंचवीस मिनिटं सलग खेळ, दहा मिनिटं मुलांचे प्रश्न. वाद्यांची ओळख त्यांनाच करून देऊ द्या. आपण पुस्तकातून वाचून दाखवलेलं ‘हे एक तंतुवाद्य आहे’ आणि तुणतुण्याच्या एका तारेवर बोट टेकवून काढलेला सूर यांत फरक आहे. पखवाजवाल्याला डाव्या तोंडाला कणीक लावताना दाखवायला सांगा. घरातली पोळीची कणीक वाद्याला लागते हे मुलं विसरत नाहीत. दशावतारी असतील तर त्यांना मुलांसमोर तोंड रंगवायला सांगा. साधा माणूस डोळ्यांदेखत राजा होतो, तेव्हा वर्गात जी शांतता पसरते ती कुठल्याही ‘गप्प बसा’ने येत नाही. शिवाय पहिलीची मुलं रंगवलेल्या चेहऱ्याला, विशेषतः काळ्या वेषातल्या संकासुराला, घाबरतात. रंग चढताना पाहिला असेल तर भीती बरीच उतरते.

काय नको तेही मोकळेपणाने बोला. जत्रेत हशा पिकवणारे दारुड्याचे, बायकोला मारण्याचे, तोतऱ्याची नक्कल करण्याचे विनोद शाळेत नको. जातीवरून टोमणे तर नकोच. कलावंत याचा राग मानत नाहीत, वेळेवर सांगितलं तर. ते शेवटी प्रेक्षक बघूनच खेळ बदलत असतात. दशावतारातले संवाद तर परंपरेने लिहिलेले नसतातच, उभ्या उभ्या सुचतात. शाहिरांच्या बाबतीत माझी एक सूचना असते. फर्माईश बहुतेक वेळा अफझलखानाच्या वधाची येते. सहा-सात वर्षांच्या मुलांसमोर, आणि सगळ्या धर्मांची मुलं एका बसकरपट्टीवर बसलेली असताना, कोथळा काढण्याचं रसभरीत वर्णन मला तरी नको वाटतं. हिरकणीची गोष्ट मागा. रात्रीचा कडा, घरी तान्हं बाळ आणि उतरणारी आई. मुलांचा श्वास त्यातही अडकतो.

धर्माचा प्रश्न टाळू नका. आपल्या बहुतेक लोककला देवळाच्या अंगणात वाढल्या. गोंधळ तर विधीच आहे. पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही, असं घटनेचं अठ्ठाविसावं कलम सांगतं. कथा, गाणं, संबळाचा ठेका, पदन्यास हे कला म्हणून दाखवायला अडचण नाही. आरती, प्रसाद, ताटात दक्षिणा हे शाळेत नको. काही गोंधळी दिवटी (देवीची मशाल) पेटवल्याशिवाय संबळाला हात लावत नाहीत. तसं असेल तर त्यांच्या श्रद्धेचा मान ठेवा आणि दुसरी कला निवडा. भर खेळात ‘हे नको, ते नको’ करण्यापेक्षा ते बरं. एकनाथांची भारुडं इथे फार उपयोगी पडतात. विंचू, जोशी, वासुदेव असली सोंगं घेऊन ती माणसाच्या वागण्यावर बोलतात, आणि मुलांना सोंग आवडतं.

खोली

बाकं बाहेर काढा, बसकरपट्ट्या अंथरा, लहान मुलं पुढे. मध्ये एक वाट मोकळी ठेवा, म्हणजे कलावंत प्रेक्षकांतून येऊ शकेल. खिडकीकडे कलावंताची पाठ नको, नाहीतर मुलांना त्याची नुसती काळी आकृती दिसते. चित्रकथीत एकामागून एक हातात धरण्याएवढी चित्रं दाखवत गाणं चालतं, तेव्हा तीस-पस्तीसपेक्षा जास्त मुलं बसवलीत तर मागच्यांना फक्त गाणंच मिळेल. छायाबाहुल्यांना पुरता अंधार लागतो. खिडक्यांना सतरंज्या, घोंगड्या लावून आदल्या दिवशी दुपारी आत उभं राहून बघा. फट राहतेच कुठेतरी.

ऐकू कमी येणाऱ्या मुलाला ढोलकीजवळ बसवा आणि कलावंताने हो म्हटलं तर त्याचा हात ढोलकीच्या खोडावर टेकवू द्या. मोठ्या आवाजाने बावरणारं मूल दाराजवळ, ओळखीच्या बाईंच्या शेजारी असू द्या. त्याला मध्येच बाहेर जावंसं वाटलं तर जाऊ द्यावं. कपडे बदलायला कलावंतांना वेगळी खोली, पाणी आणि आरसा हवा. पाहुणे कोणीही असोत, एकट्या मुलाला त्यांच्यासोबत खोलीत ठेवायचं नाही हा नियम सरसकट पाळा, म्हणजे कुणावर संशय घेतल्यासारखं होत नाही.

आदल्या दिवशी वर्गात

वीस मिनिटं पुरे. उद्या कोण येणार, कुठल्या गावाहून, काय वाजवणार एवढं सांगा. गोष्टीची सुरुवात सांगा, शेवट राखून ठेवा. पोवाडा असेल तर झिलकऱ्यांचं ‘जी जी रं जी’ मुलांकडून घोटून घ्या. दुसऱ्या दिवशी शाहिराने ओळ टाकली आणि साठ गळ्यांतून झील उठली की शाहीरही चमकून बघतो, आणि खेळ तिथून वेगळाच चढतो. हाताची घडी तोंडावर बोट हा नियम मात्र उद्यापुरता मागे घेतलाय हेही सांगा. हसायचं, टाळी द्यायची, घाबरलात तर शेजारच्याचा हात धरायचा.

त्या दिवशी

एकच विनंती, भाषणं नकोत. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, प्रास्ताविक, सरपंचांचं मनोगत, शाल-श्रीफळ, आभार यांत पाऊण तास जातो आणि मुलांचा सगळा जीव तिथेच संपतो. सत्कार करायचा तर खेळानंतर ऑफिसात करा. मान्यवर येणारच असतील तर त्यांना मुलांच्या मागे खुर्च्या द्या. मुलांसमोर ओळख दोन वाक्यांत: नाव, गाव, किती वर्षं ही कला करतात. जात सांगायची गरज नाही. ‘ही कला आता लोप पावत चालली आहे’ हे रडगाणं कृपा करून नको. कलावंत तिथे उभा आहे, त्याच्या तोंडावर त्याचं श्राद्ध कशाला घालायचं?

चहा-नाश्ता शिक्षकांसोबत, त्याच कपांत, त्याच टेबलावर. हे लिहावं लागतं कारण अजूनही काही ठिकाणी तसं होत नाही, आणि मुलं ते बघत असतात.

खेळ चालू असताना शिक्षकांनी मुलांत बसावं. मागे उभं राहून वह्या तपासणारे गुरुजी मुलांच्या लगेच लक्षात येतात. एकाच शिक्षकाने फोटो काढावेत, फ्लॅशशिवाय. मुलांचे चेहरे असलेले फोटो गावच्या ग्रुपवर टाकण्यापूर्वी पालकांना विचारा. प्रश्नांच्या वेळी प्रश्न आधी ठरवून देऊ नका. ‘तुम्हाला पगार किती?’, ‘बाहुली झोपते कुठे?’ असले प्रश्न येतात आणि त्यांचीच उत्तरं ऐकण्यासारखी असतात. वाद्य हाताळायला द्यायचं असेल तर कोणतं द्यायचं ते कलावंत ठरवेल. जुन्या बाहुल्या आणि चित्रं लांबूनच.

नंतर

‘मी पाहिलेला कार्यक्रम’ हा निबंध सोमवारी फळ्यावर लिहिलात तर केलेल्या सगळ्यावर पाणी पडेल. त्याऐवजी बाकावर ठेका धरायला सांगा. जुन्या मोज्याची, काडेपेटीची बाहुली करू द्या. ऐकलेल्या गोष्टीची पाच-सहा चित्रं वेगवेगळ्या गटांना वाटून द्या आणि एकेक चित्र दाखवत गोष्ट गायला लावा, म्हणजे वर्गात चित्रकथीच होईल. गणितात झिलीच्या मात्रा मोजता येतात. चौथीची मुलं कलावंताला पोस्टकार्ड लिहू शकतात. पत्ता लिहायला ती त्या निमित्ताने शिकतात, आणि खरंच पोचणारं पत्र लिहिण्याची संधी त्यांना एरवी मिळत नाही.

शाळेच्या दप्तरी एक पान ठेवा: कलावंताचं नाव, फोन, किती मानधन दिलं, किती माणसं आली, कोणती खोली, कुठे मुलं चुळबुळली. शिक्षकांची बदली होते. हे पान असलं की नव्या माणसाला पहिल्यापासून शोधाशोध करावी लागत नाही.

आणि पुढच्या वेळी नवा कलावंत शोधण्याआधी त्यालाच परत बोलवायचा विचार करा, या वेळी खेळासाठी नाही तर शिकवायला. तीन शनिवार, रोज दीड तास, पंधरा-वीस मुलं. एक पोवाडा किंवा एक बाहुली एवढंच. त्याची तारीख मानधन हातात देतानाच पक्की करून घ्या, कारण कार्तिक उजाडला की त्यांचा फोन लागत नाही.